पडद्याआडचा पडदा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा, ताम्रपट आणि शिक्के उभे राहतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, पुढें १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि तेव्हांपासून माळ्यावरच्या दप्तरांना हळूहळू मान मिळूं लागला. परंतु त्याच माळ्यावर दप्तराशेजारीं जी दुसरी अडगळ पडलेली असते, तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीनें पाहण्याची संवय आम्हांला अद्याप लागलेली नाहीं. शंभर वर्षांपूर्वींचा अडकित्ता आम्ही कौतुकानें हातांत घेतों. चाळीस वर्षांपूर्वींची वस्तु मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवितांना आमचा हात क्षणभरहि अडखळत नाहीं. वस्तूच्या आयुष्यांत सर्वांत धोक्याचा काळ हाच होय. ती उपयोगाची राहिलेली नसते, आणि पुराणवस्तु म्हणून पूज्यहि झालेली नसते.

अशा मधल्या काळांत सांपडलेल्या एका वस्तूचा विचार आम्हांला येथें करावयाचा आहे. १९७२ नंतर सुमारें पंधरा-वीस वर्षें महाराष्ट्रांतील मध्यम वर्गाच्या पुष्कळ दिवाणखान्यांत चार बारीक पायांवर उभी असलेली एक लांकडी पेटी असे. तिच्या तोंडाशीं अरुंद लांकडी पट्ट्यांचें सरकतें दार असे, दाराला लहानसें कुलूप असे, आणि दाराआड टेलिव्हिजनचा पडदा असे. लोक तिला सरळ ‘शटरचा टी.व्ही.’ म्हणत. ज्यांचें बालपण १९८० च्या आगेंमागें गेलें, त्यांच्या कानांत तें दार सरकतांना होणारा खडखडाट अजून असेल. आजच्या मुलांस मात्र पडद्याला दार कशासाठीं, हें समजावून सांगावें लागतें. आणि जी गोष्ट समजावून सांगावी लागते, तिचा इतिहास लिहिण्याची वेळ झाली असें समजावें.

आमच्या विवेचनासाठीं आम्ही चऱ्होलीचा परिसर डोळ्यांपुढें ठेविला आहे. चऱ्होली हें इंद्रायणीकांठचें, आळंदीच्या शेजारचें गांव. बुद्रुक आणि खुर्द अशीं त्याचीं दोन अंगें असून टेकडीवर वाघेश्वराचें देऊळ आहे. ज्ञानेश्वरांनीं १२९६ मध्यें जेथें समाधि घेतली, तें स्थान येथून हांकेच्या अंतरावर. वारी, शेती आणि नदी यांच्या चालीनें चालणाऱ्या या भागाच्या पश्चिमेस मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निराळेंच जग उभें राहिलें. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. पुढच्या दशकांत आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गांवांची मिळून १९७० मध्यें नगरपालिका झाली, आणि १९८२ मध्यें तिची महानगरपालिका झाली. १९९७ मध्यें चऱ्होलीहि तिच्या हद्दींत आली. म्हणजे ज्या वर्षांत टेलिव्हिजन या भागांत शिरला, त्या वर्षांत चऱ्होली कागदोपत्रीं खेडेंच होती. परंतु तिच्या शेजारीं महिन्याच्या महिन्यास पगार देणारी नगरी वाढत होती. पाऊसपाण्यावर ज्याचा हिशेब चाले, त्या घरांत पगाराचा आणि दिवाळीच्या बोनसचा हिशेब येऊं लागला. टेलिव्हिजनसारखी महाग वस्तु हप्त्यानें घेण्याचें धैर्य या नव्या हिशेबानेंच दिलें.

हिंदुस्थानांत टेलिव्हिजनचें प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं सुरू झालें. महाराष्ट्रास त्यासाठीं तेरा वर्षें थांबावें लागलें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं चालू झालें, आणि मुंबईचे कार्यक्रम पुणें भागांत पोंचविण्यासाठीं सिंहगडावर जें प्रक्षेपण केंद्र उभारलें तें १९७३ मध्यें सुरू झालें. गडाची निवड शास्त्राला धरूनच होती. टेलिव्हिजनच्या लहरी बहुतेक सरळ रेषेनें जातात. म्हणून प्रक्षेपक जितका उंच, तितका त्याचा पल्ला लांब. ज्या उंचीसाठीं १६७० मध्यें तानाजी मालुसऱ्यांनीं प्राण वेंचले, तीच उंची तीनशें वर्षांनीं निराळ्या कामास आली. चऱ्होलीहून सिंहगड नैर्ऋत्येच्या बाजूस सुमारें पस्तीस किलोमीटरांवर आहे. तेव्हां इंद्रायणीकांठच्या घरांवरील अॅल्युमिनियमच्या काड्यांचे ते सांपळे सारेच्या सारे गडाकडे तोंड करून उभे असत. वाऱ्यानें सांपळा फिरला कीं पडद्यावर मुंग्या दिसूं लागत. मग एकानें कौलांवर चढावयाचें, दुसऱ्यानें खिडकींत उभें राहावयाचें, आणि तिसऱ्यानें पडद्यासमोर बसून ‘आलें, आलें... गेलें!’ असें ओरडावयाचें, हा विधि घरोघर होत असे.

आतां पडदा झांकण्याची कल्पना मूळची कोठली, हें पाहूं. ती आमची नव्हे, आणि तिचा जन्महि लाजेंतून वा शिस्तींतून झालेला नाहीं. तो भूमितींतून झालेला आहे. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडन येथील अलेक्झांड्रा पॅलेसमधून टेलिव्हिजनचे नियमित कार्यक्रम सुरू केले. त्या काळच्या चित्रनळींत विजेच्या कणांचा झोत फारसा वळवितां येत नसे. झोत थोडाच वळतो, तर मोठा पडदा व्यापण्यास त्याला लांबून यावें लागतें. म्हणून नळी लांबलचक करावी लागे. अशी नळी आडवी ठेविली तर पेटी भिंतीपासून पार खोलीच्या मध्यापर्यंत यावयाची. कारागिरांनीं युक्ति काढली. मार्कोनीफोन ७०२ आणि हिज मास्टर्स व्हॉइस ९०० या १९३६ च्या संचांत त्यांनीं नळी पेटींत उभी बसविली, पडद्याचें तोंड आकाशाकडे केलें, आणि पेटीच्या झांकणास आंतून आरसा लाविला. झांकण तिरपें उघडलें कीं आरशांत चित्र दिसे. आरशांत डावें-उजवें उलटतें, म्हणून नळीवरील चित्र मुळांतच उलटें काढण्याची योजना यंत्रांत केलेली असे. पाहून झालें, झांकण मिटलें, कीं उरे ती एक सभ्य लांकडी पेटी. टेलिव्हिजनचा पडदा प्रथम लपला तो असा, नाइलाजानें.

अमेरिकेंत ३० एप्रिल १९३९ रोजीं न्यूयॉर्कचें जागतिक प्रदर्शन उघडलें, तेव्हां आर.सी.ए. कंपनीनें टी.आर.के.-१२ नांवाचा जो संच मांडला त्याची रचनाहि आरशाच्या झांकणाचीच होती. त्याची किंमत सहाशें डॉलर. आंत कांहीं हातचलाखी नाहीं अशी लोकांची खात्री पटावी म्हणून प्रदर्शनांत त्याचा एक नमुना पारदर्शक पेटींत ठेविला होता. चित्र दाखविणारें यंत्र लांकडांत लपवावें, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून तेंच पुनः उघडें करून दाखवावें, हा विरोध मोठा मौजेचा आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस महायुद्धाच्या तोंडावर लंडनचें प्रक्षेपण थांबलें. तें ७ जून १९४६ रोजीं पुनः सुरू झालें. युद्धानंतर झोत अधिकाधिक वळविण्याची कला साधली. आरंभींच्या सुमारें पन्नास अंशांवरून सत्तर, नव्वद आणि शेवटीं एकशेंदहा अंशांपर्यंत मजल गेली, नळ्या आंखूड झाल्या, पडदा समोर आला आणि आरशाची गरज संपली.

गरज संपली तरी झांकण गेलें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत आणि युरोपांत दोन कवाडें असलेल्या, कपाटासारख्या दिसणाऱ्या पेट्या पुष्कळ निघाल्या. काळ्या-करड्या कांचेचा तो निर्जीव डोळा पाहुण्यांसमोर उघडा ठेवणें तेथील गृहिणींस प्रशस्त वाटत नसे. पुढें तर लपण्याचा खेळच झाला. जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत पिरॅमिडच्या आकाराचा एक चिमुकला संच काढला. त्याचा माथा वर उचलला कीं पडदा डोकें वर काढी. पाश्चात्य संग्राहक आज अशा वस्तूंच्या मागें हौसेनें धांवतात. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील हिलिअर्ड या गांवीं जुन्या टेलिव्हिजनांचें स्वतंत्र संग्रहालयच आहे, आणि युद्धपूर्व काळांतील आरशाच्या झांकणाचे संच तेथें जतन केलेले आहेत.

आमच्याकडील शटर या सगळ्यांचें भावंड खरें, पण त्याचा स्वभाव निराळा. हिंदुस्थानांत टेलिव्हिजन बनविण्याची विद्या पिलानी येथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी संशोधन संस्थेंत सिद्ध झाली. पुढें हैदराबादची ई.सी., केरळची केलट्रॉन, तशाच टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर अशा नांवांचे कृष्णधवल संच बाजारांत आले, आणि त्या काळच्या संचांत शटरचे नमुने पुष्कळ असत. शटरची रचना साधी पण चतुर होती. बोटभर रुंदीच्या लांकडी पट्ट्या एकीशेजारीं एक ठेवून मागून जाड कापडावर चिकटविलेल्या असत. वर-खालीं खांचा असत. दार बाजूस सरकविलें कीं कापडाच्या लवचिकपणामुळें पट्ट्या कोपऱ्याशीं वळत आणि पेटीच्या अंगांत नाहींशा होत. लेखनाच्या जुन्या मेजांवर गुंडाळतें झांकण असे, त्याचाच हा प्रकार. दुकानाच्या लोखंडी शटराशीं त्याचें साम्य दिसलें म्हणून लोकांनीं त्याला तेंच नांव दिलें. पडद्याच्या बाजूस गोल खुंट्या असत. केंद्र बदलण्याची खुंटी खटखट आवाज करीत फिरे, पण बदलावयास दुसरें केंद्र नसल्यामुळें ती बहुधा मुलांच्या खेळापुरती उरे. जुन्या संचांत खुंटी पिळली तरी चित्र लगेच येत नसे; नळी तापेपर्यंत वाट पाहावी लागे. बंद केल्यावर पडद्याच्या मध्यभागीं एक पांढरा ठिपका कांहीं क्षण रेंगाळे. तो विझला कीं मगच शटर ओढावयाचें, असा कित्येक घरांत दंडक होता.

हा दंडक कां पडला? लोक चार कारणें सांगत. पहिलें धुळीचें. कारखान्यांच्या आणि कच्च्या रस्त्यांच्या या पट्ट्यांत तें खरेंच होतें. दुसरें किंमतीचें. महिनोन्‌महिने हप्ते फेडून घेतलेली वस्तु उघडी टाकणें जिवावर येई. सतारीला गवसणी, शिवणयंत्राला टोपण, आणि ग्रामोफोनला झांकण घालणाऱ्या घरानें टेलिव्हिजनला दार लाविलें यांत नवल नव्हतें. तिसरें मुलांच्या अभ्यासाचें. चौथें कारण कोणी बोलून दाखवीत नसत, पण आमच्या मतें तेंच सर्वांत खोल होतें. ज्या वस्तूचा परिणाम मोठा, ती सदासर्वकाळ उघडी ठेवूं नये, ही भावना आमच्या घरांत टेलिव्हिजनच्या फार पूर्वीं रुजलेली होती. देव्हाऱ्याला कवाडें असतात. देवाची शेजारती होते, पडदा ओढला जातो, आणि सकाळीं काकडआरतीच्या वेळीं तो पुनः उघडतो. आळंदीच्या छायेंत वाढलेल्या माणसास उघडणें आणि मिटणें हे दर्शनाचेच दोन भाग आहेत, हें शिकवावें लागत नाहीं. टेलिव्हिजनचें शटर परदेशच्या नमुन्यावर आलें असेल. येथें तें रुळलें तें या ओळखीमुळें.

शिवाय त्या काळच्या प्रक्षेपणालाच वेळेचें बंधन होतें. कार्यक्रम संध्याकाळीं सुरू होत आणि रात्रीं संपत. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठीं असे. ‘गजरा’, ‘छायागीत’ आणि ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ यांची लोक वाट पाहत. शनिवारीं मराठी बोलपट, रविवारीं हिंदी. दिवसांतून कांहीं तासच जो जागा होतो, त्याला उरलेले तास निजवून ठेवणें हें स्वाभाविकच होतें. यंत्र बंद असणें आणि यंत्र मिटलेलें असणें यांत मोठा फरक आहे. बंद पडदा ‘मला चालू करा’ म्हणून आमच्याकडे पाहत राहतो. मिटलेली पेटी आपलें अस्तित्व विसरावयास लावते. शटर ओढलें कीं दिवाणखाना पुनः घराचा होई. पेटीवर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, शेजारीं लग्नांतला फोटो, आणि घरांतील माणसांचीं तोंडें पुनः एकमेकांकडे.

परंतु इतिहासलेखकानें गोड आठवणींत गुंतून किल्लीला विसरतां कामा नये. शटराला कुलूप होतें, आणि कुलूप म्हटलें कीं ‘किल्ली कोणाच्या कमरेला?’ हा प्रश्न आलाच. मार्च महिन्यांत शालान्त परीक्षा जवळ आली कीं किल्ली आईच्या कपाटांत, साड्यांच्या घडीखालीं नाहींशी होई. त्यांत कांहीं अन्याय नव्हता. पण कित्येक घरांत किल्ली वडिलांच्या खिशांत असे, आणि ते कारखान्याच्या पाळीवरून परतेपर्यंत घरांतील कोणाहि बाईस तें दार उघडण्याचा अधिकार नसे. दिवसभर राबणाऱ्या सुनेनें संध्याकाळचा घटकाभर कार्यक्रम पाहावा कीं नाहीं, हें सासू ठरवी. गल्लींतील एकाच घरीं टी.व्ही. असे, आणि रविवारच्या बोलपटास ओसरी, अंगण आणि खिडकीचे गज माणसांनीं भरून जात. त्या घराचें औदार्य मोठें, यांत शंका नाहीं. पण कोणाच्या मुलास आंत सतरंजीवर बसवावयाचें आणि कोणाच्या मुलानें गजांतून पाहावयाचें, हेंहि तेथेंच ठरे. खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांना शटर ओढल्याचा आवाज निराळा ऐकूं आला असेल. एकाच वस्तूनें घराला विसांवाहि दिला आणि दाराबाहेरच्याला त्याची जागाहि दाखविली. आम्ही जतन करूं तेव्हां हीं दोन्ही सत्यें एकाच पेटींत जतन करावयास हवीत.

शटर गेलें तें कोणी ठरवून घालविलें नाहीं. १९८२ मध्यें, दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या वर्षीं, रंगीत प्रक्षेपण सुरू झालें. पाठोपाठ प्लॅस्टिकच्या आटोपशीर पेट्या आल्या आणि लांकडी कवच जुनाट दिसूं लागलें. त्याच दशकाच्या मध्यास घरगुती संचासाठीं परवाना काढण्याची पद्धत रद्द झाली. टेलिव्हिजन हा जपून वापरण्याचा जिन्नस आहे ही सरकारी आठवणहि त्याबरोबर गेली. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ ही मालिका दाखविली जाऊं लागली, तेव्हां लोक पायताणें बाहेर काढून संचासमोर बसत आणि त्यास हार घालीत. देव्हाऱ्याचीं कवाडें ज्या पेटीला लागलीं होतीं, तिच्यांत खरेंच देव आले. परंतु आश्चर्य असें कीं, पेटी देव्हारा झाली आणि तिचीं कवाडें गळालीं. पुढें दूरनियंत्रकाचे किरण अडूं नयेत म्हणून पडद्याचें तोंड मोकळें असणें सोयीचें ठरलें. आणि १९९२ मध्यें झी वाहिनीसारख्या उपग्रह वाहिन्या आल्यावर कार्यक्रम संपण्याची वेळच उरली नाहीं. जें कधीं निजत नाहीं, त्याला पांघरूण कोण घालणार?

पडदा लपविण्याची इच्छा मात्र मेली नाहीं, ही गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. कोरियाच्या एल.जी. कंपनीनें २०१९ मध्यें पेटींत गुंडाळला जाणारा पडदा दाखविला आणि २०२० मध्यें तो अवाच्या सवा किंमतीस विक्रीस काढला; सॅमसंगनें २०१७ मध्यें असा संच आणला कीं जो बंद असतां भिंतीवरील चित्राचें सोंग घेतो. चऱ्होलीच्या बाजूस नव्यानें उठलेल्या उंच इमारतींतील सदनिकांतहि सुतार मंडळी टी.व्ही.साठीं सरकत्या फळ्या करून देतात. लंडनच्या आरशापासून हें चक्र फिरत आलें आहे. प्रत्येक पिढी पडदा घरांत आणते, आणि थोड्या दिवसांनीं त्याची नजर चुकविण्याची युक्ति शोधूं लागते.

आतां प्रश्न जतनाचा. या बाबतींत पुण्याचेंच उदाहरण आम्हांपुढें आहे. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, भांडीं, वाद्यें, दरवाजे अशा घरगुती वस्तु गोळा करण्यास आरंभ केला. अकालीं गेलेल्या राजा नांवाच्या मुलाची स्मृति म्हणून त्यांनीं त्या संग्रहास त्याचें नांव दिलें, आणि १९७५ मध्यें तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांनीं अडकित्ते जमविले तेव्हां ते मौल्यवान नव्हते; ते घरोघर होते. वस्तु घरोघर असतांनाच जो ती उचलून ठेवतो, तोच खरा संग्राहक. दुर्मिळ झाल्यावर तीच वस्तु घेणारा हा गिऱ्हाईक होय.

शटरचा संच दुर्मिळ होण्याची क्रिया या औद्योगिक पट्ट्यांत आमच्या डोळ्यांदेखत चालली आहे. चऱ्होलीपासून जवळच असलेली चिखली-कुदळवाडी ही भंगाराची मोठी पेठ होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील हजारों अनधिकृत बांधकामें पाडलीं, तेव्हां पत्र्यांच्या त्या छपरांखालीं काय काय होतें याची यादी कोणींच केली नाहीं. भंगारांत गेलेल्या संचाची गति ठरलेली. नळीच्या मानेवरील वेटोळ्यांचें आणि रोहित्राचें तांबें काढून घेतात, कांच फोडतात, आणि लांकूड बंबांत जातें. शटर असलेली पेटी नशीबवान ठरली तर रिकामी होऊन कपाट बनते. तिच्यांत चपला, शाळेचीं पुस्तकें, क्वचित् देवहि बसतात.

ज्यांच्या घरीं असा संच अजून असेल, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. चित्रनळी ही निर्वात कांच आहे. ती फुटली तर तिचे तुकडे जोरानें उडतात, आणि संच बंद असतांहि तिच्यांत विजेचा मोठा दाब कांहीं काळ टिकून राहूं शकतो. म्हणून मागचें झांकण जाणत्या कारागिराखेरीज कोणीं काढूं नये. वर्षानुवर्षें पडून असलेला संच एकदम विजेला जोडूं नये. आंतील जुने धारित्र निकामी झालेले असतात, आणि हौसेपायीं पेटी पेटावयाची. नळीच्या कांचेंत शिसें असतें. म्हणून ती टाकावयाचीच असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें अधिकृत ठिकाणींच द्यावी. परंतु नळी गेली तरी पेटी देऊं नये. इतर संचांत यंत्र हा जीव असतो; शटरच्या संचांत मात्र इतिहास लांकडांत आहे. त्यांत पट्ट्यांमागचें कापड प्रथम कुजतें, आणि मग वाळवी येते. तेव्हां दार अर्धवट जोरानें ओढूं नये, आणि नवें पॉलिश चढवून जुन्या हातांच्या खुणा पुसूं नयेत. किल्ली सांपडली तर ती सोन्यासारखी जपावी, कारण सर्वांआधीं हरवते ती किल्लीच. दुकानाची पावती, परवान्याचें पुस्तक, हप्त्यांचीं चिटोरीं हीं पेटींतच ठेवावीं. आणि संच कोणत्या सालीं आला, कोणत्या भिंतीशीं होता, समोर कोण बसे, किल्ली कोणापाशीं असे, हें घरांतील वडील मंडळींना विचारून एका कागदावर लिहून ठेवावें. तो कागद नसेल तर पेटी म्हणजे केवळ लांकूड.

असा संच दुरुस्त झाला तरी आतां त्यावर आपोआप कांहीं दिसणार नाहीं. दूरदर्शनचें जुन्या पद्धतीचें भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक सर्वत्र बंद झालें. सिंहगडाकडे तोंड करून उभा असलेला सांपळा आतां ज्या हांकेची वाट पाहत आहे, ती यावयाची नाहीं. यंत्र जिवंत आणि त्याला बोलावणारा कोणी नाहीं, अशी ही स्थिति आहे. पण म्हणूनच ती पेटी आतां निखळ ऐतिहासिक वस्तु झाली आहे. चऱ्होली, दिघी, मोशी, चिखली या गांवांतील प्रत्येक शाळेनें एकेक शटरचा संच, त्याच्या कागदासह, ठेवावयाचें मनांत आणलें, तर त्यास खर्च नाममात्र येईल. आणि या भागाचें खेड्यांतून नगरांत जें स्थित्यंतर झालें, त्याचें दर्शन मुलांना त्या एका दारांतून घडेल.

शेवटीं एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष्य वेधतों. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें २०२२ मध्यें असा ठराव केला कीं, रोज संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा, आणि त्यानंतर दीड तास घरोघरचे टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवावेत. मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें किंवा बोलावें. पूर्वीं जें काम एका घरांत एक लांकडी दार करीत असे, तें करावयास आज सबंध गांवाला भोंगा वाजवावा लागतो. मधल्या चाळीस वर्षांत काय झालें याचें याहून स्पष्ट माप आम्हांला ठाऊक नाहीं. वडगांवच्या भोंग्याची किल्ली मात्र कोणा एकाच्या खिशांत नाहीं. ती सर्वांनीं मिळून ठरविलेली आहे, आणि जुन्या शटराहून ती त्या मानानें सरस होय. पडदा मिटतां येतो, एवढी एक गोष्ट त्या जुन्या पेटीला माहीत होती. ती विद्या नव्या पिढीच्या हातीं द्यावयाची असेल, तर तिचा एखादा तरी नमुना, चालत्या दारासह, आमच्यापाशीं शिल्लक असावयास पाहिजे.